नागासाकीचा पूल आणि परदेशी पाहुणा



परदेशांत दीर्घकाळ राहावयास निघालेल्या माणसाची पहिली चिंता आज तिकिटाची नसते. ती व्हिसाची असते. किती दिवस राहतां येईल, मुदत वाढवून मिळेल कीं नाहीं, काम करण्याची परवानगी आहे काय, बायकोमुलांना नेतां येईल काय, आणि मुख्य म्हणजे आज जो नियम आहे तो वर्षानें कायम असेल काय, हे प्रश्न आतां सुशिक्षित घरांत जेवतांना बोलले जाऊं लागले आहेत. ज्यांचा मुलगा वा मुलगी परदेशीं आहे त्यांना मी अधिक सांगावयास नको. हे सारें अलीकडचें दुखणें आहे असा मात्र आपला समज असतो. तो तितकासा खरा नाहीं. जपानांत नागासाकी नांवाचें एक बंदर आहे. त्या एका बंदरांत सुमारें 300 वर्षांच्या अवधींत परदेशी माणसाच्या येण्याजाण्याचे आणि राहण्याचे नियम जितक्या वेळां आणि जितक्या टोकाला जाऊन बदलले, तितके क्वचितच दुसरीकडे बदलले असतील. त्या नियमांखालीं जे परदेशी पाहुणे वर्षानुवर्षें राहिले त्यांची हकीकत आज मी आपणांपुढें ठेवणार आहें. ही हकीकत वाचतांना एक प्रश्न माझ्या मनांत सारखा घोळत असे. नियम असतो पाहुण्यासाठीं. पण तो मोडला म्हणजे दंड कोण भरतो?

आरंभ आपल्या वसईपासून करावयास हरकत नाहीं. 1556 च्या सुमारास, वसई पोर्तुगिजांच्या ताब्यांत असतां, तेथें गोन्सालो गार्सिया नांवाचा एक मुलगा जन्मास आला. बाप पोर्तुगीज आणि आई तेथलीच, आपल्याच किनाऱ्यावरची. जेझुइट पाद्र्यांजवळ त्याचें शिक्षण झालें, आणि वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आगेमागें तो त्यांच्यापैकीं एकाबरोबर जपानला गेला. पाद्री मंडळींचा जपानशीं संबंध गोव्याहूनच जडला होता. फ्रान्सिस झेवियर 1549 मध्यें जपानांत उतरला, तेव्हां त्याच्याबरोबर अंजिरो नांवाचा जो जपानी गृहस्थ होता, त्याचें ख्रिस्ती धर्माचें शिक्षण गोव्यांत झालें होतें. गोन्सालोनें जपानांत सुमारें 8 वर्षें पाद्र्यांच्या हाताखालीं काम केलें, तेथील भाषा उत्तम आत्मसात केली, पुढें व्यापार केला, आणि मनिला येथें जाऊन तो फ्रान्सिस्कन पंथांत शिरला. 1593 सालीं फिलिपाईन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरनें जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याजकडे वकील पाठविले. त्यांच्याबरोबर हा वसईकर दुभाष्या म्हणून पुन्हां जपानांत आला.

त्या वेळीं नियम काय होता पाहा. 1587 सालींच हिदेयोशीनें हुकूम काढला होता कीं, पाद्र्यांनीं 20 दिवसांच्या आंत देश सोडून जावें. व्यापाऱ्यांच्या गलबतांना मात्र पूर्ववत् मोकळीक आहे. हुकूम स्पष्ट होता. परंतु त्याची अंमलबजावणी झाली नाहीं. पाद्री गेले नाहींत, आणि सरकारनेंहि त्यांना हुसकून लावलें नाहीं. कारण पाद्री गेले तर पोर्तुगीज गलबतें आणि त्यांतील रेशीमहि जाईल ही भीति होती. कागदावर बंदी आणि व्यवहारांत मुभा, अशी ही स्थिति 9 वर्षें टिकली. परदेशी पाहुण्याला सगळ्यांत धोक्याची स्थिति हीच, असें मला वाटतें. कडक नियम पाळतां येतो, सैल नियमाचा फायदा घेतां येतो. पण म्यानांत घालून ठेवलेला नियम केव्हां बाहेर निघेल याचा भरंवसा नसतो. 1596 सालीं सान फेलिपे नांवाचें स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यास लागून फुटलें, त्यावरील मालावरून तंटा झाला, आणि तो जुना नियम म्यानांतून बाहेर आला. 5 फेब्रुवारी 1597 या दिवशीं नागासाकीच्या टेकडीवर 26 माणसांना क्रूसावर चढविण्यांत आलें. त्यांत आपला गोन्सालो होता. ख्रिस्ती धर्मपीठानें 1862 सालीं त्याला संतपद दिलें, आणि वसईकडील ख्रिस्ती बांधव त्याचें स्मरण अभिमानानें करतात. पण त्या 26 जणांची यादी एकदां नीट पाहावी. बाहेरून आलेले होते फक्त 6. उरलेले 20 जपानी होते, आणि त्यांत कांहीं तर कोंवळे मुलगे होते.

याच सुमाराचा एक उलट दाखलाहि आहे. 1600 सालीं विल्यम ॲडम्स नांवाचा इंग्रज सुकाणूदार एका डच जहाजावरून अर्धमेल्या स्थितींत जपानला लागला. हिदेयोशीच्या मागून सत्तेवर आलेल्या इयेयासूनें त्याला ठेवून घेतलें, जमीनजुमला दिला, मानाची तरवार दिली. पण घरीं जाऊं दिलें नाहीं. ॲडम्स अर्जावर अर्ज करीत होता. शेवटीं 1613 सालीं परवानगी मिळाली तेव्हां त्याचें मन बदललें होतें. तो गेलाच नाहीं. 1620 सालीं तो हिरादो येथें वारला. येऊं न देणारा नियम आपण ओळखतों. जाऊं न देणाराहि असतो.

यानंतर दारें एकामागून एक लागत गेलीं. 1635 च्या हुकुमानें जपानी माणसाला परदेशीं जाण्यास बंदी झाली, आणि जे गेलेले असतील त्यांनीं परत येऊं नये, आल्यास देहदंड, असें ठरलें. 1639 सालीं पोर्तुगिजांना कायमचें बाहेर घालविण्यांत आलें. पुढच्या वर्षीं मकावहून त्यांचे वकील विनवणी करावयास आले, तेव्हां त्यांपैकीं 61 जणांचा शिरच्छेद झाला. परदेशी पुरुषांपासून जपानी स्त्रियांना झालेलीं मुलें आणि त्यांच्या आया यांनाहि देशाबाहेर पाठविण्यांत आलें. कांहीं मकावला, कांहीं बटाव्हियाला. ज्या स्त्रियांनीं उभ्या जन्मांत आपल्या गांवाची वेस ओलांडली नव्हती त्या एका हुकुमासरशीं परदेशी ठरल्या.

राहिले ते डच. त्यांनीं धर्मप्रचाराच्या भानगडींत न पडतां फक्त व्यापार करण्याचें धोरण ठेवलें होतें. 1641 सालीं त्यांना हिरादोहून उठवून नागासाकीच्या धक्क्याजवळ देजिमा नांवाच्या बेटावर आणून ठेवलें. बेट म्हणजे समुद्रांत भराव घालून केलेला पंख्याच्या आकाराचा तुकडा; लांबी सुमारें 400 फूट आणि रुंदी 250 फूट. आपल्या एखाद्या हायस्कुलाचें पटांगण डोळ्यांपुढें आणा. हें बेट मुळांत पोर्तुगिजांना डांबण्यासाठीं नागासाकीच्या 25 धनिकांनीं आपल्या खर्चानें बांधलें होतें, आणि भाडेकरू निघून गेल्यामुळें ते मालक हवालदिल झाले होते. डच आले आणि भाडें सुरू झालें. बंदिवासाचें भाडें बंदिवानानेंच भरावयाचें, असा हा प्रकार! बेटापासून शहरापर्यंत एकच पूल. पुलाच्या तोंडाशीं फळा लावलेला. गणिकांखेरीज स्त्रियांना आंत येण्यास मनाई, कोया पर्वतावरच्या भिक्षूंखेरीज इतर बैराग्यांना मनाई, भिकाऱ्यांना मनाई, आणि डच लोकांना परवानगीवांचून बाहेर जाण्यास मनाई. डच वखारीचा मुख्य दरवर्षीं बदलला पाहिजे, असाहि दंडक होता. एक माणूस फार दिवस राहिला म्हणजे त्याचे लागेबांधे जमतात, हें राज्यकर्त्यांना पक्कें ठाऊक होतें.

डचांनीं जपानी भाषा शिकूं नये अशीच सरकारची इच्छा असे. सर्व व्यवहार नागासाकीच्या वंशपरंपरागत दुभाष्यांमार्फत चाले. हे दुभाषे आणि बेटावरील नोकर यांना रक्ताची शपथ घ्यावी लागे कीं, परदेशीयांशीं स्नेह ठेवणार नाहीं आणि देशाची माहिती त्यांना सांगणार नाहीं. दरसाल जहाज आलें म्हणजे डचांनीं जगांतील बातम्यांचें टिपण सरकारला सादर करावयाचें. आणि दरसाल वखारीच्या मुख्यानें लवाजम्यासह एदो येथें, म्हणजे हल्लींच्या तोकियोला, जाऊन शोगुनपुढें साष्टांग नमस्कार घालावयाचा. ही यात्रा 1790 पासून चार वर्षांतून एकदां होऊं लागली.

1690 सालीं देजिमावर एंगेलबर्ट केंफर नांवाचा डॉक्टर आला. होता जर्मन, नोकरी डच कंपनीची. त्याला दोन वेळां एदोची वारी घडली. शोगुन त्सुनायोशी पडद्याआड बसे आणि या विद्वान डॉक्टराला उठ, चाल, नाच, गा, दारू प्याल्याचें सोंग कर, असे हुकूम सोडी. आणि केंफर तें सर्व करी. पोटासाठीं किंवा विद्येसाठीं माणसें काय काय करतात! केंफरच्या बाबतींत तें विद्येसाठीं होतें असें म्हटलें पाहिजे. कारण या दोन वर्षांत त्यानें जपानविषयीं जी माहिती गोळा केली तीवर युरोप पुढें शंभर वर्षें अवलंबून राहिला. दुभाष्यांना तो वैद्यक आणि गणित फुकट शिकवी, शिवाय युरोपीय मद्य पाजी, आणि मग शपथेची गांठ हळूहळू सैल होई. त्याच्या सेवेला एक तरुण विद्यार्थी दिलेला होता. केंफरनें त्याला डच भाषा शिकविली, आणि त्या तरुणानें बंदीची पर्वा न करतां त्याला पुस्तकें, नकाशे व माहिती आणून दिली. केंफरनें आपल्या ग्रंथांत त्याचे उपकार मानले आहेत. नांव मात्र दिलेलें नाहीं. ग्रंथ छापून निघाला 1727 सालीं, केंफरच्या मृत्यूनंतर. तो तरुण इमामुरा एइसेइ होता हें संशोधकांना विसाव्या शतकाच्या अखेरीस जुन्या कागदांवरून कळलें. नांव न देणें यांत केंफरचें मोठेपण आहे असें मी समजतों. दुसरा एखादा असता तर त्यानें आभारप्रदर्शनाच्या भरांत त्या पोराचा जीव घेतला असता.

येथें थोडें विषयांतर करतों. जपान परदेशीयांना बंद होता या स्थितीला ‘साकोकू’, म्हणजे कुलूप घातलेला देश, असा शब्द रूढ आहे. तो शब्द सरकारी हुकुमांत नाहीं. केंफरच्या ग्रंथांतील एका प्रकरणाचें भाषांतर 1801 सालीं नागासाकीच्याच शिझुकी तादाओ नांवाच्या माजी दुभाष्यानें केलें, तेव्हां त्यानें तो बनविला. आपलें दार बंद आहे हें जपानला एका परक्या पाहुण्याच्या पुस्तकावरून शब्दांत सांगतां आलें.

आतां सीबोल्टची कथा. 1823 सालीं फिलिप फ्रान्झ फॉन सीबोल्ट नांवाचा 27 वर्षांचा डॉक्टर देजिमावर उतरला. हाहि जर्मनच, वुर्त्सबुर्गचा. गंमत अशी झाली कीं, पिढ्यान्‌पिढ्या डच बोलणाऱ्या दुभाष्यांना त्याचें डच खटकलें. त्यांची भाषा त्याच्याहून शुद्ध होती! डचांखेरीज दुसऱ्या युरोपीयास प्रवेश नव्हता. तेव्हां, हा पहाडी डच आहे, त्याची बोली अशीच, असें सांगून वेळ मारून नेण्यांत आली. हॉलंडांत पहाड कोठून आला हें विचारण्याइतका भूगोल त्या चौकीवर कोणाला येत नव्हता, किंवा येत असून विचारावयाचें नव्हतें.

सीबोल्ट हाताचा कुशल होता. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठीं त्याची कीर्ति पसरली आणि त्याला शहरांत रोगी पाहण्याची सवलत मिळाली. 1824 सालीं नागासाकीच्या बाहेर नारुताकी येथें त्यानें शाळा काढली. देशाच्या कानाकोपऱ्यांतून तरुण वैद्य तेथें येऊं लागले. फी म्हणून तो त्यांच्याकडून निबंध लिहवून घेई, विषय जपानच्या वनस्पति, चालीरीति, औषधें, भाषा डच. चाळीस वर्षांच्या मास्तरकीनंतर मी सांगतों, शिष्यांकडून इतकें काम काढणारा गुरु विरळा. बेटावर प्रवेश गणिकांनाच असल्यामुळें ज्या तरुणीबरोबर त्याचा संसार झाला त्या ओताकीचें नांवहि त्याच यादींत होतें. 1827 सालीं त्यांना मुलगी झाली. तिचें नांव इने.

1826 च्या एदोच्या वारींत सीबोल्टची गांठ सरकारी ज्योतिषी आणि ग्रंथपाल ताकाहाशी कागेयासू याच्याशीं पडली. ताकाहाशीला हवा होता रशियन दर्यावर्दी क्रुझेनस्टर्न याच्या सफरीचा ग्रंथ, कारण उत्तरेकडून रशियन गलबतें येऊं लागलीं होतीं आणि त्यांच्याविषयीं माहिती असणें देशाला अवश्य होतें. सीबोल्टला हवे होते जपानचे नकाशे. ते परदेशीयास देणें हा भयंकर गुन्हा होता. अदलाबदल झाली. 1828 सालीं प्रचंड वादळ होऊन सीबोल्टचें सामान नेणारें जहाज किनाऱ्यावर आदळलें आणि त्यांत नकाशे सांपडले, अशी कथा पुष्कळ ठिकाणीं दिलेली आढळते. ती नाट्यमय आहे, पण नवे संशोधक ती मानीत नाहींत. सीबोल्टनें एदोंतील मामिया रिंझो या भूमापकाकडे एक पुडकें पाठविलें. परदेशीयाकडून आलेली वस्तु जवळ ठेवणें नियमाविरुद्ध, म्हणून त्यानें तें न फोडतां वर कळविलें. आणि तेथून चौकशीचा धागा निघाला, असें ते दाखवितात. तुफानापेक्षां एका नियमनिष्ठ कारकुनी पत्रानें हा घात झाला, हें मला अधिक पटतें.

शिक्षा कोणाला काय झाली ती ऐका. ताकाहाशी 1829 सालीं तुरुंगांतच मेला. खटल्याचा निकाल लागेपर्यंत त्याचें प्रेत मिठांत घालून ठेवण्यांत आलें, आणि पुढच्या वर्षीं शिक्षा फर्माविल्यावर त्या प्रेताचा शिरच्छेद झाला. त्याच्या मुलांना दूरच्या बेटांवर पाठविलें. हाबु गेन्सेकी हा शोगुनचा नेत्रवैद्य. त्यानें डोळ्याची बाहुली विस्फारणाऱ्या औषधाची माहिती मिळावी म्हणून शोगुनच्या राजचिन्हाचा अंगरखा सीबोल्टला दिला होता. त्याचें पद आणि वतन गेलें. दुभाषे, शिष्य, नोकर मिळून पन्नासांहून अधिक माणसें शिक्षेस पात्र झालीं. आणि खुद्द सीबोल्टला? त्याला देश सोडून जाण्याचा आणि पुन्हां न येण्याचा हुकूम झाला. 1829 च्या डिसेंबरच्या अखेरीस तो निघाला. त्याचा संग्रह हॉलंडांत पोंचला, त्यावर ग्रंथ झाले, मानमरातब मिळाले. एका निळसर फुलाच्या झुडपाला त्यानें ओताकीच्या नांवावरून ‘ओताक्सा’ असें शास्त्रीय नांव दिलें. ओताकी आणि दोन वर्षांची इने मात्र मागें राहिल्या. कारण जपानी माणसानें देश सोडूं नये हा 1635 चा नियम अजून जिवंत होता.

त्यानें फसवणूक केली कीं विद्येची सेवा केली, यावर वाद घालणारे घालोत. माझें म्हणणें एवढेंच कीं, दोन्ही पक्षीं विद्येचीच ओढ होती, धोका दोघांनीं सारखाच पत्करला होता, आणि किंमत एकानेंच दिली.

नंतरचा इतिहास परिचित आहे, म्हणून थोडक्यांत सांगतों. 1853 सालीं अमेरिकेचा पेरी आला. 1858 चे तह झाले. 1859 मध्यें योकोहामा, नागासाकी व हाकोदाते हीं बंदरें परदेशीयांच्या वस्तीस खुलीं झालीं. पण खुलें म्हणजे किती? बंदरापासून 10 री, म्हणजे सुमारें 24 मैल. त्यापलीकडे पाऊल टाकावयाचें तर 1874 नंतर आपल्या वकिलातीमार्फत खास परवाना काढावा लागे, आणि त्याचीं मान्य कारणें होतीं प्रकृतीसाठीं हवापालट, वनस्पतींचा अभ्यास किंवा शास्त्रीय संशोधन. त्या काळांत किती निरोगी युरोपीयांना अचानक हवापालटाची गरज भासूं लागली असेल, याची कल्पनाच करावी! इझाबेला बर्ड या इंग्रज बाईनें 1878 सालीं अशा परवान्यावर उत्तर जपानांतून प्रवास केला. परवान्यावर काय काय मना आहे तें तिनें लिहून ठेवलें आहे: रानांत विस्तव पेटवूं नये, आग लागलेल्या ठिकाणीं घोड्यावर बसून जाऊं नये, देवळांच्या भिंतींवर खरडूं नये, अरुंद रस्त्यानें गाडी भरधांव हांकूं नये. पाहुणे काय करीत असतील तें यावरून कळतें. तिच्याबरोबर इतो नांवाचा तरुण दुभाष्या होता, आणि गांवोगांवच्या चौक्यांवर तिची बाजू सांभाळणारा तोच होता.

या व्यवस्थेला दुसरी बाजूहि होती. परदेशी माणूस आंतल्या मुलखांत राहूं शकत नसे हें खरें. पण त्याच्यावर जपानी न्यायालयाचा अधिकारहि चालत नसे. त्याचा न्याय त्याचाच वकील करी. हा अपमान जपानला 40 वर्षें डाचत होता. 17 जुलै 1899 रोजीं सुधारलेले तह अंमलांत आले. परदेशीयांचा विशेष अधिकार गेला आणि त्याबरोबर 10 रीची मर्यादाहि गेली. बंदरांतील गोऱ्या व्यापाऱ्यांनीं यावर फार ओरड केली होती. सबंध देश मोकळा होत असतां पिंजरा जाऊं नये म्हणून रडणारे पाखरू मी दुसरें पाहिलें नाहीं. लॅफ्काडिओ हर्न या लेखकानें त्याआधीं, 1896 सालीं, निराळाच मार्ग काढला होता. जपानी पत्नी आणि मुलें यांच्या हक्काला बाध येऊं नये म्हणून तो स्वतःच पत्नीच्या घराण्यांत सामील होऊन कोइझुमी याकुमो या नांवानें जपानी प्रजाजन झाला.

सीबोल्टवरील बंदी तहांनंतर उठली आणि 1859 सालीं, 63 वर्षांच्या वयांत, तो युरोपांतील लग्नाचा मुलगा अलेक्झांडर याला घेऊन नागासाकीस परत आला. ओताकी हयात होती. तिनें मध्यंतरीं दुसरा संसार केला होता. इने 32 वर्षांची झाली होती. बापाच्या शिष्यांनीं तिला वाढविलें आणि वैद्यक शिकविलें होतें. त्यांतला निनोमिया केइसाकू हा सीबोल्टच्याच प्रकरणांत शिक्षा भोगलेला होता. सीबोल्ट 1862 सालीं पुन्हां परत गेला आणि 1866 सालीं म्यूनिक येथें वारला. इने जपानांतच राहिली. पाश्चात्य वैद्यक करणारी जपानांतील पहिली स्त्री म्हणून तिचें नांव घेतात, आणि 1873 सालीं राजघराण्यांतील बाळंतपणासाठीं तिला बोलावणें आलें होतें. परदेशीयांना देश मोकळा झाला त्या 1899 सालीं ती 72 वर्षांची होती. त्यानंतर चार वर्षांनीं ती तोकियो येथें मरण पावली.